अठ्ठावीस वजा एकवीस

रस्त्याकडेच्या एका खांबाला हात टेकून मी हिशेब करत होते. घड्याळात २१ किलोमीटर झाले होते. त्या दिवशी पळायचे होते २८. मग उरले किती?

येईना.

आकड्यांवर माझं पोट चालतं. लोकांच्या जमाखर्चातल्या चुका शोधणं हे माझं रोजचं काम, आणि तिथे उभी राहून मला अठ्ठावीसातून एकवीस वजा करता येत नव्हते. आधी उत्तर आलं नऊ. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, म्हणून बोटं मोजायला घेतली, तर कितव्या बोटावर आहे तेच विसरायला झालं. आणि या सगळ्याची मला जराही भीती वाटली नाही. उलट फार छान वाटत होतं. भर उन्हात अंगावर शहारा आला होता, गार गार वाटत होतं. मी मनाशी म्हटलं, चला, रुळलं एकदाचं अंग उन्हाला.

नवरा सायकलवरून मागे मागे येत होता. तो थांबला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. थोडंच राहिलंय."

"थोडं म्हणजे किती?"

या प्रश्नाचा मला इतका राग आला की काय सांगू. "तुला काय करायचंय किती ते!" मी त्याच्यावर खेकसले. एरवी रस्त्यात आवाज चढवणारी बाई मी नाही. त्याने सायकल आडवी टाकली, माझा दंड धरला आणि सरळ झाडाखाली नेऊन बसवलं. समोरच्या घरातून बादलीभर पाणी मागून आणलं आणि डोक्यावर ओतलं. मग दुसरी बादली. मग ओला टॉवेल मानेवर, काखेत, पुन्हा भिजवून पुन्हा मानेवर. कितीतरी वेळाने मी म्हणाले, "सात."

त्याला काही समजलं नाही.

"सात राहिलेत."

"राहू देत," तो म्हणाला.

मी धावपटू वगैरे नाही. अडतिसाव्या वर्षी, गुडघे अजून कुरकुरत नाहीत तोवर काहीतरी करावं म्हणून चालायला लागले, चालता चालता पळायला लागले, आणि पळता पळता या छंदातली सगळी वेडं अंगाला चिकटली. घड्याळ, बूट, पेस (म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ), दर रविवारचा लॉन्ग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यांत लांब पळणी, आणि भेटेल त्याला त्याबद्दल सांगत सुटणं. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर, हा आकडा मी ज्या ठसक्यात उच्चारते त्या ठसक्यात स्वतःची जन्मतारीखसुद्धा सांगत नाही. पळते मात्र सावकाश. पाच तासांच्या अलीकडे-पलीकडे.

पहिली दोन वर्षं सगळं थंडीत पार पडलं. तिसऱ्या वर्षी ज्या रेसला नाव दिलं ती उन्हाळा सरता सरता होती, म्हणजे तयारीचे लांब रविवार सगळे ऐन उन्हाळ्यात. त्यात काय, थोडा घाम जास्त येईल, असं म्हणून मी मोकळी झाले. घाम या गोष्टीला मी तोवर फार हलक्यात घेत होते.

झाडाखालच्या त्या प्रसंगानंतर मी पहिलं जे केलं ते माझ्या स्वभावाला धरून होतं. कागद-पेन्सिल घेऊन बसले. ढोबळ हिशेब असा निघाला. पळताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. माझं वजन सोयीसाठी ६० किलो धरू (खरा आकडा घरातही जाहीर नाही). तासाला ९ किलोमीटर म्हणजे ५४० किलोकॅलरी. त्यातला जेमतेम पाव हिस्सा पाय पुढे टाकण्याच्या कामी येतो. बाकीच्या चारशेवर किलोकॅलरी म्हणजे नुसती उष्णता, चुलीसारखी आतल्या आत पेटलेली. ६० किलोचं शरीर १ अंशाने तापायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तासाभरात अंग ८ अंशांनी तापेल. ३७ अधिक ८. अंगाच्या आतलं तापमान चाळिशीच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला की डॉक्टर त्याला उष्माघात म्हणतात. त्यामुळे ही बेरीज पूर्ण करायची वेळ कुणावर येत नाही, त्याआधीच माणूस आडवा होतो.

जमेच्या बाजूला मोठी रक्कम एकच, घामाची. १ लिटर घाम अंगावरून पुरता वाळला तर ५८० च्या आसपास किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे पाऊण लिटर वाळला की माझं तासाभराचं देणं फिटलं. यातल्या ‘वाळला’ या शब्दाखाली मला आधीच कुणी लाल रेघ मारून दिली असती तर बरं झालं असतं. ठिबकलेला घाम काही कामाचा नाही. हवा दमट असली की तो वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि शरीर बिचारं आणखी पाणी बाहेर ढकलत राहतं. कोपरावरून गळणाऱ्या धारा बघून मी खूश व्हायचे, केवढी ही मेहनत! तो सगळा बुडीत खर्च होता. गार हवेत वाऱ्यालाही थोडी उष्णता जाते. पण हवाच अंगाइतकी तापली की तो रस्ता बंद, आणि त्याहून तापली की व्यवहार उलटा, बाहेरची उष्णता आत येते.

म्हणून ‘आज किती डिग्री आहे’ हा प्रश्न फसवा. १९५० च्या दशकात अमेरिकेत उन्हात कवायत करणारे नवे सैनिक धडाधड कोसळायला लागले, तेव्हा त्यांच्यासाठी एक वेगळं मोजमाप तयार झालं. त्यात तीन तापमापक असतात. एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, त्याला ७० टक्के वजन. एक काळ्या गोळ्यात बसवलेला, तो उन्हाचा चटका मोजतो, त्याला २० टक्के. आणि ज्या साध्या आकड्यावर आपण दिवसभर गप्पा मारतो, त्याला उरलेले १० टक्के फक्त. मोठ्या रेसमध्ये धोका सांगणारा हिरवा, पिवळा, लाल, काळा झेंडा ठरतो तो सहसा या हिशेबावर. ओल्या फडक्याला सत्तर टक्के, हे वाचलं आणि माझ्या कितीतरी फसलेल्या रविवारांचा उलगडा झाला. त्या दिवशी ऊन काही फार नव्हतं गं, असं मी ज्या ज्या दिवसांबद्दल म्हणायचे ते सगळे दमट दिवस होते.

‘पहाटे पळ, म्हणजे त्रास होणार नाही’ हा सल्ला मला न पळणाऱ्या प्रत्येकाने दिला आहे. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. पहाटे डोक्यावर सूर्य नसतो आणि डांबर रात्रभर निवलेलं असतं हे खरं. पण हवेतला दमटपणाही बहुधा पहाटेच सर्वांत जास्त असतो. पावणेपाचला बाहेर पडावं, काळोखात सगळं कसं शांत, आणि दुसऱ्याच किलोमीटरला अंगातला टी-शर्ट ओल्या पोत्यासारखा जड व्हावा, हे मी कितीदा अनुभवलं आहे. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत बायकांची मॅरेथॉन ऊन टाळायला चक्क मध्यरात्री सुरू केली होती. रात्रीसुद्धा तिशीच्या वर तापमान आणि वर दमट हवा. जगातल्या निवडक ६८ जणी सुरुवातीला उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत पोचल्या ४०. जिंकणारीलाही २ तास ३२ मिनिटं लागली. त्या रात्रीचे फोटो बघून मला, खरं सांगते, थोडं बरं वाटलं. दुष्टपणा आहे, पण आहे.

पहाटेचं एक मात्र मान्य. पहाटे सुरू केलं की दिवस चढत जातो, आणि आपलं अंग तापत जातं त्याच वेळी बाहेरही तापत जातं. लॉन्ग रनचा शेवटचा, सगळ्यांत नाजूक तास नेमका सकाळच्या सर्वांत वाईट तासावर येऊन पडतो. संध्याकाळी उलट होतं. सुरुवातीला रस्ता भट्टीसारखा, पण दर पंधरा मिनिटांनी काहीतरी हलकं होत जातं. उन्हं उतरायला लागली, सावल्या लांबल्या की पायांना आपोआप चाल येते. हल्ली मी मधली लहान पळणी संध्याकाळी करते. रविवार मात्र पहाटेचाच, कारण घरच्यांनाही रविवार असतो.

उन्हाने माझ्याकडून पहिल्यांदा काय काढून घेतलं असेल, तर पेस. थंडीत मी ज्या हृदयाच्या ठोक्यांवर ६ मिनिटं ४० सेकंदांत किलोमीटर पळायचे, त्याच ठोक्यांवर उन्हाळ्यात साडेसात लागायला लागले. त्याहून विचित्र गोष्ट दीड तासानंतर व्हायची. पेस तोच, रस्ता सपाट, दम लागलेला नाही, आणि तरी ठोके १४२ वरून हळूहळू १६५ वर. घड्याळ बिघडलं असं समजून मी ते एकदा काढून, पुसून पुन्हा बांधलं. घड्याळ ठणठणीत होतं. घामावाटे रक्तातलं पाणी कमी होतं, आणि जे रक्त आहे त्यातलंही बरंच कातडीकडे वळवलेलं असतं, उष्णता बाहेर टाकायला. पायांना हवं तेवढं रक्त पुरवायचं तर हृदयाला दर ठोक्याला कमी माल मिळतो, म्हणून फेऱ्या वाढवाव्या लागतात. एकच गाडी आणि दोन मालक, असा प्रकार.

हे कळल्यावरही वळायला वेळ लागला. साडेसातचा पेस घड्याळात बघून वाटणारी लाज ही काही शास्त्राने जाणारी गोष्ट नाही. मी कुणाशी शर्यत लावलेली नसते, मला कुणी ओळखतही नसतं, तरी मागून एखादी मुलगी टुणटुणत पुढे गेली की माझे पाय माझं न ऐकता तिच्या मागे धावतात. मग शंभर मीटरवर ठोके १७० आणि मी खाली वाकलेली. शेवटी पेसची खिडकीच घड्याळावरून काढून टाकली. फक्त ठोके आणि वेळ. पहिला आठवडा उपास घडल्यासारखा गेला.

अंग उन्हाला रुळतं, हे मात्र खरं आहे, आणि ते ज्या पद्धतीने रुळतं ते बघण्यासारखं आहे. पहिले चार-पाच दिवस नुसती तलखी. कशाला हा उद्योग, असं दर शंभर पावलांवर वाटतं. मग हळूच बदल व्हायला लागतात. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे ठोके खाली येतात. घाम लवकर सुटायला लागतो, म्हणजे अंग तापायची वाट न बघताच, आणि जास्त सुटतो. आणि तो अळणी होत जातो. हा शेवटचा बदल मी जिभेने तपासला आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओठांवर आलेला घाम खारट लागायचा, काळ्या टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटायच्या. दोन आठवड्यांत रेघा फिकट झाल्या. शरीर मीठ वाचवायला शिकलं होतं, मला न विचारता. यासाठी सलग दहा ते चौदा दिवस रोज तासभर तरी उन्हात, पण बेताने, काढावा लागतो. आणि चार दिवस तापाने झोपून राहिलात, किंवा दोन-तीन आठवडे गारव्यात काढलेत, की जमा झालेलं बरंचसं निघून जातं. पुन्हा श्रीगणेशा.

माझी चूक इथेच झाली होती. त्या खांबाजवळच्या रविवारच्या आधी मी दहा दिवस सर्दी-तापाने घरात होते. बरी झाले, वेळापत्रक उघडलं, त्यात २८ लिहिलेले होते. निघाले. बुडालेली पळणी भरून काढायची घाई, आणि अंगावर उन्हाची एका पैशाची शिल्लक नाही. शिवाय आदल्या रात्री झोप जेमतेम चार तास. हे तिन्ही धोके एकेकटे मला माहीत होते. एकत्र येऊन त्यांचा गुणाकार होतो, हे माहीत नव्हतं.

पाण्याचंही असंच. खांबाच्या प्रसंगाने मी इतकी घाबरले की पुढचे काही रविवार पाण्याचा मारा सुरू केला. तहान लागो न लागो, दर दहा मिनिटांनी घोट घोट. एका रविवारी तीन तास पळून आले तर डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, आणि बोटं इतकी सुजली होती की अंगठी निघेना. मी म्हटलं, पाणी कमी पडलं, आणि आणखी अर्धा लिटर प्यायले. मग सहज वजनकाट्यावर उभी राहिले. निघतानाच्या वजनापेक्षा ६०० ग्रॅम जास्त! तीन तास उन्हात पळून वजन वाढवून आलेली मी पहिलीच असेन, असं वाटलं. तशी मी काही पहिली नव्हते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. पाणी जास्त झालं की रक्तातलं मीठ असं पातळ होतं. त्यात माझ्यासारख्या सावकाश पळणाऱ्या, वाटेतल्या प्रत्येक टेबलावर थांबून पिणाऱ्यांचा भरणा मोठा. पाणी कमी पडल्याने माणूस कोसळतो हे शाळेतलं पोरही सांगेल. पाणी जास्त झाल्यानेही जीव जाऊ शकतो, हे मला त्या सकाळी अंगठीने सांगितलं.

तेव्हापासून मी वजनकाटा वापरायला शिकले. पळायच्या आधी आणि नंतर, अंगावर काही न घालता, घाम पुसून. कमी झालेलं वजन आणि वाटेत प्यायलेलं पाणी यांची बेरीज म्हणजे गेलेला घाम. दमट दिवशी माझा तासाला १ लिटर जातो, कोरड्या सकाळी पाऊण. मैत्रिणीचा अर्धाच जातो, आणि ती माझ्यापेक्षा वेगाने पळते. म्हणून दुसऱ्याच्या बाटलीवरून आपली बाटली भरू नये. गेलं तेवढं सगळं वाटेतच भरून काढायचं नसतं, तहानेला विचारून प्यावं. लांब पल्ल्याला पाण्यात ओआरएसची पुडी टाकावी, आणि राहिलेलं घरी आल्यावर निवांत. एवढंच. यावर तासभर बोलणारे लोक भेटतात, त्यांच्यापासून मी आता लांबूनच पळते.

मांड्या आणि काखा घासून सोलतात, त्याला पेट्रोलियम जेली. टोपी फिकट रंगाची. ती दर वीस मिनिटांनी ओली करावी. बस्स.

एक कुत्रा सांगायचा राहिला. उन्हाळ्यात एका वळणावर तो मला रोज भेटायचा आणि शेपटी हलवत दीड-दोन किलोमीटर बरोबर यायचा. सुरुवातीला माझ्यापुढे, मग शेजारी, मग जीभ बाहेर काढून मागे. आणि एका ठरावीक झाडाखाली तो बसायचा. हाक मारा, शिट्टी मारा, उठायचा नाही. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. त्याला धापा टाकूनच निवावं लागतं, आणि जोरात धावताना धापा टाकणं जमत नाही. आपल्या कातडीत मात्र घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी आहेत, अंगावर दाट केस नाहीत आणि दोन पायांवर उभं असल्यामुळे भर दुपारचं ऊन पाठीवर कमी झेलावं लागतं. लांब पल्ला आणि तापलेली दुपार यात माणसाची बरोबरी करणारे प्राणी फार थोडे. वेल्समध्ये एका गावी १९८० पासून माणसं विरुद्ध घोडे अशी डोंगराळ वाटेवरची शर्यत भरते. घोडाही चांगला घामाळू प्राणी. माणसाला तिथे पहिला विजय मिळायला २००४ साल उजाडावं लागलं, पण मिळाला. हे सगळं वाचून मला आपल्या जातीचा बराच अभिमान वाटला होता. पण त्या झाडापाशी रोज शहाणा कोण ठरायचा, हे उघड होतं. त्याला घड्याळ नव्हतं, वेळापत्रक नव्हतं, कुणाला सांगून ठेवलेलं नव्हतं की आज २८ करणार.

खांबाजवळ मी थांबले ती दमून नव्हे, हे मला अजून टोचतं. मी गणित अडलं म्हणून थांबले. ते सुटलं असतं तर सात किलोमीटर पळायला निघाले असते.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधली ती चित्रफीत माझ्या फोनमध्ये कित्येक वर्षं होती. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. जोन बेनॉइट जिंकून गेल्यावर वीसेक मिनिटांनी स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये आली. वय ३९. धड एका बाजूला झुकलेलं, एक हात लोंबकळतोय, एक पाय काठीसारखा ताठ. शेवटच्या एका फेरीला तिला पाच मिनिटांहून जास्त लागली. डॉक्टर जवळ आले की ती त्यांना चुकवत होती, कारण कुणी धरलं असतं तर ती बाद झाली असती. ३७ वी येऊन ती रेषेपलीकडे कोसळली, आणि काही तासांतच सावरलीही. पळायला लागले तेव्हा ही चित्रफीत मी मुलीला, नवऱ्याला, कामावरच्या मैत्रिणींना दाखवली होती, डोळ्यांत पाणी आणून. जिद्द बघा!

आता बघते तेव्हा माझी नजर तिच्यावर नसते, तिच्या शेजारून चालणाऱ्या डॉक्टरांवर असते. ते तिला घाम येतोय का ते बघत होते. घाम दिसला म्हणून त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. थांबायचं की नाही हे त्या फेरीत तिच्या हातात नव्हतंच, ते न तापलेल्या दुसऱ्या एका डोक्याने ठरवलं. (घाम येतोय म्हणजे सगळं ठीक, असंही नसतं, बरं का. पळताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असू शकतो. मी निथळत होते. वागणं बिघडलं का, हे बघायचं. आणि बिघडलं असेल तर आधी अंग गार करायचं, मिळेल त्या थंड पाण्याने, लगेच, आणि मग दवाखाना. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, त्याने केलं ते घाबरून, पण बरोबर केलं. दवाखान्यात गेलो नाही, ती आमची चूक. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तशी ती ऐकवलीही.)

दुसरी गोष्ट १९१२ ची, स्टॉकहोम ऑलिंपिकमधल्या मॅरेथॉनची. त्या दिवशी तिथे अनपेक्षित ऊन पडलं आणि जवळजवळ निम्मे धावपटू पोचलेच नाहीत. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखं काहीतरी चोपडलं होतं, असं सांगतात. म्हणजे त्याने घामाचाच रस्ता बुजवला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने बेजार झाला, वाटेतल्या एका बागेत गेला, तिथल्या लोकांनी त्याला पाणी दिलं, आसरा दिला. पुन्हा रस्त्यावर यायचं सोडून तो लाजेने कुणाला न सांगता निघून गेला. आयोजकांच्या लेखी माणूस बेपत्ता. १९६७ साली स्वीडनने त्याला बोलावून ती शर्यत पुरी करायला लावली आणि वेळ नोंदवली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. ही गंमत सगळे सांगतात. मला त्यातलं मधलं आवडतं. घरी गेलेला हा माणूस पुढे आणखी दोन ऑलिंपिक पळला, विद्यार्थ्यांच्या हाकोने एकिडेन या लांब पल्ल्याच्या रिले शर्यतीच्या जन्मामागेही तोच होता, आणि जपानमध्ये त्याला मॅरेथॉनचा जनक म्हणतात.

त्या वर्षीच्या रेसला मी गेले नाही. छातीवर लावायचा नंबर, बिब, अजून कपाटात आहे.

आता शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर, पंख्याखाली बसून मी एक चिठ्ठी लिहिते. उद्या किती, कुठे, ठोके कितीच्या वर गेले की चालायचं, आणि किती वाजता, पाय कितीही म्हणत असले तरी, घरी यायचं. गार डोक्याने जे लिहिलं ते उन्हातल्या डोक्याने बदलायचं नाही, एवढाच करार. मार्गही सरळ लांब न ठेवता घराभोवती चार-चार किलोमीटरच्या लूपचा. कंटाळवाणा आहे, पण दर अर्ध्या तासाने स्वतःच्या दारावरून जावं लागतं आणि गॅलरीत उभं राहून कुणीतरी तोंडाकडे बघतं. पहिल्या चिठ्ठ्या घामाने भिजून लगदा व्हायच्या. हल्ली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते.

खांबाची गोष्ट मुलीला कळली तेव्हा ती दुसरीत होती. तिला आईच्या जिवाची काळजी वगैरे वाटली नाही. तिला वाटलं आश्चर्य. "आई, अठ्ठावीस वजा एकवीस? यात तर हातचासुद्धा घ्यायचा नाहीये!" हे तिने पुढचे कित्येक दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

मग तिने एक काम अंगावर घेतलं. शनिवारी चिठ्ठी लिहून झाली की ती मागच्या बाजूला पेन्सिलने एक गणित घालते आणि मला न दाखवता पिशवीत सरकवते. चौथ्या लूपनंतर काढायचं, असा नियम. चुकलं तर घरी. सुरुवातीला सोपी असायची. आता ती चौथीत गेली आहे आणि दया हा प्रकार तिच्याकडे राहिलेला नाही.

गेल्या रविवारी १६ किलोमीटरला फाटकाशी थांबले, टोपी ओली केली, पिशवी उघडली. तीन आकडी संख्येतून तीन आकडी, आणि दोन्ही घरांत हातचा. भिंतीला टेकून सोडवलं. २६७ आलं. जरा शंका वाटली, म्हणून वर फोन लावला.

"दोनशे सदुसष्ट," मी म्हटलं.

"थांब," पलीकडून झोपेतला आवाज आला, "मलाच करून बघू दे."